आमच्या बुलेटचं ॲव्हरेज

आमच्या घरात दोन गोष्टींचा हिशेब कुणी विचारत नसे. एक आईच्या नवसांचा आणि दुसरा आप्पांच्या बुलेटला लागणाऱ्या पेट्रोलचा. यंदा दुसरा हिशेब निघाला. माझं कॉलेज, धाकट्याचा क्लास, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे. आई म्हणाली, "गणपतीपर्यंत बघते. नाहीतर विकून टाका ते धूड." कल्याणचं एक गिऱ्हाईक तयारच होतं.

गाडी १९८६ ची. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मूळची इंग्लंडची ही बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. तिकडची कंपनी पुढे बंद पडली, इकडची चालू राहिली. सिलिंडर एकच, ३४६ सी.सी.चा, आणि वजन दीडशे किलोंच्या वर. आप्पा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये टर्नर आहेत. पाळी रात्री दोनला सुटते, तेव्हा डोंबिवलीला यायला लोकल नसते. शिवाय मुरबाडवरून माळशेज चढून ओतूरला, आमच्या गावी जायचं तेही हिच्यावरच. तेव्हा गाडी नुसत्या हौसेची नाही. हौस नाहीच, असंही मला म्हणवत नाही.

बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेली घरात मी एकटीच, म्हणून वही माझ्याकडे आली. ॲव्हरेज किती, असं विचारलं की आप्पा "पस्तीस" म्हणत. बुलेटवाले सगळेच पस्तीस म्हणतात. आमच्या काट्याची तर केबलच दोन वर्षं तुटलेली! आधी केबल टाकली. मग एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, टाकी गळ्यापर्यंत भरायची. संपत आली की तिथेच पुन्हा तेवढीच भरायची आणि झालेल्या किलोमीटरांना पडलेल्या लिटरांनी भागायचं. एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीन भरण्यांची सरासरी धरायची, हा माझा नियम. उत्तर आलं २६. आप्पा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. चाक हाताने फिरवून पाहिलं तर ते लगेच थांबायचं; ब्रेकचे शू ड्रमला घासत होते. चेन कोरडी, टायरांत हवा कमी. एअर फिल्टर धुळीने बुजलेला. प्लग काजळीने काळाकुट्ट निघाला. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असलं म्हणजे मिश्रण बरोबर. काळं म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे कमी. खरा चोर कार्ब्युरेटरमध्ये सापडला. त्यात एक सुई पितळेच्या नळीतून वरखाली होते आणि पेट्रोल मापून सोडते. इतक्या वर्षांच्या घासण्याने नळीचं भोक लांबट झालं होतं. आप्पांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "बघ, गोल राहिलेलं नाही." मला काही दिसलं नाही. सातवी शिकलेल्या माणसाला जे डोळ्याने कळलं, ते मला सांगूनही कळेना. नवी सुई आणि नळी बसवली. मग पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून, तो कधी सुटतो ते पाहत आप्पांनी टायमिंग लावलं: पिस्टन माथ्यावर पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी.

शेजारच्या काकांनी सुचवलं, "सुई एक खाच खाली करा, पेट्रोल अजून वाचेल." जुना, चालत आलेला सल्ला आहे हा. पण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरात मिश्रण आपोआपच हलकं पडतं. आणखी हलकं केलं तर इंजिन तापून पिस्टन धरायचा, आणि वाचलेलं पेट्रोल बोअरिंगच्या खर्चात जायचं. इथेनॉलमध्ये ताकदही लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. इथेनॉलविना पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. आमची गाडी तर १० टक्क्यांसाठीही जुळवलेली नव्हती. काकांना हे सगळं मी समजावलं. ते म्हणाले, "आर्ट्सला ना गं तू?"

उरला रस्ता. संध्याकाळी शिळफाट्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर धडधडत उभं राहिलं की कुठलंही ॲव्हरेज बुडतं. मोठागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये सुरू झाला, तरी आप्पा सवयीने शिळफाट्यावरूनच जात. पुलावरून जा म्हणून मी आठवडाभर मागे लागले. पुढे हमरस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपासच चालवायचं, हे मात्र त्यांचं त्यांनीच ठरवलं. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो, हे माझं पुस्तकी वाक्य त्यांना छातीवर वारा झेलून आधीच माहीत होतं.

गणपतीत तीन भरण्यांची सरासरी आली ३१. महिन्याला साधारण १३०० किलोमीटर होतात, म्हणजे आठ लिटर वाचले. आईने बोटांवर हिशेब केला आणि "दिवाळीपर्यंत बघू" म्हणाली. कल्याणच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो तो हल्ली ती आप्पांकडे न देता माझ्याकडे देते.

दिवाळीत आप्पा आणि मी ओतूरला जाऊन आलो. मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा, गाडी चौथ्यात एका सुरात चालली होती. परत येऊन टाकी भरली, भागाकार केला: ३५. एकाच भरण्याचा आकडा, माझ्या नियमाने तो धरता येत नाही. हे मी आप्पांना सांगणार, तोवर ते वही घेऊन स्वयंपाकघरात गेले होते.