बिलुंडच्या सहा विटा

निवृत्तीनंतर परदेशप्रवासाचा योग आला तो कन्येमुळे. ती व जावई जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे राहतात. गतवर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता दोन महिने त्यांच्याकडे होतो. युरोपला गेलेली मंडळी पॅरिस किंवा स्वित्झर्लंड पाहून येतात. आम्ही मात्र एक शनिवार-रविवार डेन्मार्कमधील बिलुंड नावाच्या, जेमतेम सात हजार वस्तीच्या गावी घालविला. त्याचे कारण माझा आठ वर्षांचा नातू आणि माझ्या हातून घडलेली एक चूक.

नातवाच्या खोलीत एक काचेचे कपाट आहे. त्यात त्याने लेगोच्या विटांतून उभारलेले अग्निशमन केंद्र ठेवलेले असे. वाढदिवसाला मिळालेल्या पुस्तिकेचे एकेक पान उलटत त्याने ते पूर्ण केले होते, आणि त्यानंतर त्याला हात लावायची कोणालाही मुभा नव्हती. एके सकाळी धूळ पुसण्याच्या सद्हेतूने मी ते उचलले आणि ते हातातून निसटले. क्षणार्धात जमिनीवर शेकडो तुकडे झाले. शाळेतून आल्यावर त्याने ते पाहिले आणि एक शब्दही न बोलता तो निघून गेला. संध्याकाळी आईला म्हणाला, "पुस्तिका हरवली आहे. आता ते कधीच होणार नाही."

मी तुकडे घेऊन बसलो. तासाभराच्या खटपटीनंतरही एका भिंतीपलीकडे माझी प्रगती झाली नाही. दोन दिवस नातवाने माझ्याशी अबोला धरला. अखेर जावयांनी तोड काढली : "आपण सगळे बिलुंडला जाऊ या."

हॅम्बुर्गहून बिलुंड सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. फ्लेन्सबुर्गपाशी सरहद्द ओलांडली की जटलंडचा द्वीपकल्प सुरू होतो. सपाट शेते, मधूनमधून पवनचक्क्या, आणि आभाळ फार मोठे. अशा आडबाजूच्या गावात जगातील एका मोठ्या खेळणी-उद्योगाचे मूळ असेल, हे सांगूनही पटू नये.

ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९१६ साली येथील एक सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. १९२४ मध्ये त्याच्या लहानग्या मुलांच्या हातून लाकडाच्या भुश्श्याला आग लागली आणि कारखाना व घर दोन्ही जळाले. त्याने पुन्हा बांधले. ते घर मुख्य रस्त्यावर आजही उभे आहे आणि त्याच्या दाराशी दोन सिंह बसलेले आहेत. पुढे जागतिक मंदी आली, शेतकऱ्यांपाशी बांधकामाला पैसा उरला नाही. तेव्हा १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करावयास घेतली. १९३४ मध्ये ‘लाय गॉट’, म्हणजे ‘छान खेळ’, या डॅनिश शब्दांवरून नाव ठेवले लेगो. १९४२ साली कारखाना पुन्हा जळाला, पुन्हा उभा राहिला. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचे गोदाम आगीत गेले, तेव्हा मात्र घराण्याने लाकूड सोडून केवळ प्लॅस्टिकच्या विटांवर भर द्यायचे ठरविले.

लेगो हाउस ही २०१७ साली उघडलेली वास्तू एकवीस प्रचंड विटा एकमेकींवर रचाव्यात अशी दिसते. तिच्या तळघरातील इतिहासदालनात एक लाकडी बदक आहे. त्यासंबंधीची हकीकत आपल्या व्यापारी कुटुंबांत सांगण्याजोगी आहे. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने एकदा बदकांच्या एका मागणीला रोगणाचे तीनऐवजी दोनच हात दिले, माल स्टेशनवर पोहोचविला आणि पैसे वाचविल्याचे वडिलांना कौतुकाने सांगितले. वडिलांनी त्याला त्याच पावली परत पाठविले. खोकी परत आणून, रात्रभर बसून तिसरा हात देऊन मगच माल रवाना झाला. ग्राहकाला तिसरा हात दिसला नसता हे दोघांनाही ठाऊक होते. छत्तीस वर्षे कर्जदारांचे ताळेबंद तपासताना मीही तो न दिसणारा तिसरा हातच शोधत होतो, असे त्या काचेसमोर उभे असताना मनात आले.

वीट मात्र सर्वस्वी लेगोची कल्पना नव्हे. १९४९ मध्ये त्यांनी काढलेल्या विटांचा नमुना इंग्लंडमधील हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट विटांचा होता. वरच्या गाठी खालच्या पोकळीत बसत, पण पकड ढिली होती. २८ जानेवारी १९५८ रोजी गॉटफ्रेडने एकस्व नोंदविले ते विटेच्या पोकळीत बसविलेल्या नळ्यांचे. त्या नळ्यांनी पकड घट्ट झाली. तेव्हाची वीट आजच्या विटेत अचूक बसते. त्यामागे साच्यांची काटेकोर अचूकता आहे, आणि माझ्या मते तोही तिसरा हातच.

येथे बांधकामाच्या खेळण्यांचे प्रकार थोडे ताडून पाहिले पाहिजेत. पहिला प्रकार सुट्या ठोकळ्यांचा. बालवाडीचे जनक जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांच्या संचात दोन इंचांचा एक घन आठ लहान घनांत विभागलेला असे. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी आपल्या कलेचे श्रेय बालपणीच्या या ठोकळ्यांना दिले आहे. येथे जोड नाही, फक्त तोल आहे. ठोकळा ढळला की मनोरा कोसळतो, आणि मूल चूक डोळ्यांनी पाहते. माझी दोन वर्षांची नात दिवसभर मनोरे रचते आणि स्वतःच पाडून टाळ्या पिटते.

दुसरा प्रकार नट-बोल्टचा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली एकस्व घेतलेला संच पुढे मेकॅनो म्हणून गाजला. अर्ध्या इंचावर भोके असलेल्या पट्ट्या, चाके, दांडे, पाना आणि पेचकस. त्याला वेळ लागतो, बोटे दुखतात, पण यारी खरोखर वजन उचलते. आमच्या सांगलीत लहानपणी डॉक्टरांच्या मुलाकडे असा संच होता. तो आम्हाला नुसता पाहू देई.

तिसरा प्रकार एकमेकींत रुतणाऱ्या विटांचा. हत्यार लागत नाही, लहान हातालाही जमते, रचना पक्की होते आणि लगेच मोडताही येते. यात एक मेख आहे. हल्ली विकले जाणारे बहुतेक संच एकाच ठरावीक वस्तूचे असतात. पुस्तिका संपली की खेळ संपतो आणि वस्तू कपाटात जाते.

या मोहात खुद्द कारखानाही सापडला होता. विटांचे नवनवे आकार वाढत गेले, जोडधंदे वाढले, आणि २००३-०४ मध्ये मोठा तोटा आला. २००४ साली प्रथमच घराण्याबाहेरील व्यक्ती, योर्गेन विग क्नुडस्टॉर्प, मुख्याधिकारी झाली. भागांच्या प्रकारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आली, मनोरंजन उद्याने विकली गेली, लक्ष पुन्हा विटेवर आले. गोदामात माल वाढला म्हणजे व्यापार वाढला असे नव्हे, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

तेथील एक यंत्र प्रत्येक पाहुण्याच्या हाती सहा लाल विटा ठेवते, आणि सोबत त्यांच्या एका रचनेचे कार्ड. प्रत्येक कार्डावरील रचना वेगळी. आठ गाठींच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतील? कंपनी पूर्वी १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत असे. तो फक्त सहा मजली मनोऱ्यांचा होता. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकावर पूर्ण हिशेब केला तेव्हा उत्तर आले ९१,५१,०३,७६५.

नातवाने पाकीट खिशात टाकले. पुढच्या दालनात रंगीबेरंगी विटांचा सागर पसरला होता आणि शेकडो मुले त्यात बुडाली होती. तो मात्र काठाशी उभा. थोड्या वेळाने दोन दिवसांचा अबोला मोडून त्याने मला विचारले, "आजोबा, पुस्तिका कुठे आहे?"

मी हसलो नाही, कारण माझीही तीच अडचण होती. आयुष्यभर परिपत्रके आणि नियमपुस्तिका यांच्या आधाराने काम केलेला मी माणूस. समोर हजारो विटा आणि सूचना एकही नाही! मग मला दिवाळीचा किल्ला आठवला. वडिलांच्या अडत दुकानातील हळदीची रिकामी पोती आम्ही चिखलात बुडवून दगडांवर पसरीत असू. बुरूज कोठे आणि पायऱ्या किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. वर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. दिवाळी संपली की किल्ला मोडायचा. दरवर्षी नवा किल्ला.

हे सारे मी त्याला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. कन्येने मध्ये जर्मनची भर घातली. तो म्हणाला, "मग दरवाजा तुम्ही करा." दीड तास आम्ही किल्ला बांधला. माझा दरवाजा दोनदा कोसळला. तेव्हा त्यानेच मला दाखविले की सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, वरची वीट खालच्या दोन विटांवर पडली पाहिजे. गवंड्याचा पहिला धडा साठी उलटल्यावर मिळाला.

विटा तेथेच ठेवायच्या होत्या. निघताना तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही हातांनी किल्ला मोडला.

खेळणी घेणाऱ्या आजी-आजोबांना अनुभवाचे दोन शब्द. तीन वर्षांखालील बाळाला मोठे लाकडी ठोकळे द्यावेत, बारीक तुकडे मुळीच नकोत. मोठ्यांसाठी विटा घेताना शक्यतो साध्या, सर्वोपयोगी विटांचा डबा घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नट-बोल्टचा संच आणि सोबत आपला वेळ द्यावा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहूनच पैसे मोजावेत.

हॅम्बुर्गला परतल्यावर अग्निशमन केंद्राचे तुकडे एका टोपलीत गेले. त्याचे पुन्हा अग्निशमन केंद्र झाले नाही. एकदा आगबोट झाली, एकदा नुसतीच एक उंच भिंत. माझ्या वाट्याच्या सहा लाल विटा आज माझ्या टेबलावर आहेत. फावल्या वेळी मी त्या जोडतो, पण कार्डावरील रचना अद्याप केलेली नाही.

मागच्या आठवड्यात नातवाचा फोन आला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती : "आजोबा, पुढच्या वेळी येताना हळदीचे पोते आणाल का?"