निकाल आणि नवे वर्ष

महाराष्ट्रात दहावीचा निकाल सहसा दुपारी एक वाजता संकेतस्थळावर लागतो. छापील गुणपत्रिका काही दिवसांनी शाळेतून मिळते. मुलींच्या शाळेचा खरा आनंदसोहळा गुणपत्रिका मिळण्याच्या दिवशीच असतो. पुण्यातील हुजूरपागा ही अशा शाळांपैकी एक जुनी शाळा. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींच्या पुढाकाराने ती 1884 मध्ये सुरू झाली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती, तिथे मुलींचे वर्ग भरू लागले. मुलींना इंग्रजी, गणित शिकवू नये, असे तेव्हा टिळकांसारखे नेतेही उघडपणे म्हणत. आज राज्य मंडळाच्या निकालात मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा वर्षानुवर्षे जास्त आहे, ही गोष्ट म्हणूनच अपार समाधानाची.

गुणपत्रिका घ्यायला आलेली मुलगी आधी गणिताचा रकाना बघते, मग एकूण टक्के. पेढ्यांचा पुडा बाईंपुढे धरला जातो, वाकून नमस्कार होतो. फळ्यावर रंगीत खडूने पहिल्या आलेल्यांची नावे असतात. पस्तीस गुणांवर सुटलेलीचे कौतुकही तितक्याच मोठ्या आवाजात व्हायला हवे. घरकाम सांभाळून अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी ते गुण मोठे असतात. राहिलेल्या विषयांसाठी पुरवणी परीक्षा असते.

जूनच्या मध्यावर नवे वर्ष सुरू होते. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा उघडतात. पाचवीच्या नवख्या मुली कोऱ्या गणवेशात, घट्ट वेण्या घालून येतात आणि बालभारतीची नवी पुस्तके वर्गात वाटली जातात.