दीड मिनिटाची गाणी, दोन हातांसाठी

जपानच्या दूरचित्रवाणीवर अ‍ॅनिमे मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्याला जेमतेम दीड मिनिट मिळते. तेवढ्यात मालिकेचे नाव पडद्यावर यायचे, सगळी पात्रे एकदा दिसून जायची आणि चाल ऐकणाऱ्याच्या ओठांवर बसायची. या टंचाईनेच गाण्याचा घाट ठरतो. जपानी संगीतकार त्याचे तीन भाग मानतात: ए-मेलो, बी-मेलो आणि साबी. ए-मेलो खालच्या स्वरांत, बोलण्याच्या लयीत चालते. बी-मेलोत ताण वाढतो. साबीत गाणे मोकळे होते. आपल्या चित्रपटगीतात मुखडा बहुधा आधीच हाती येतो आणि मग पुन्हा पुन्हा भेटतो. इथे त्याच्याकडे चढत जायचे असते. पियानो नुकताच शिकू लागलेल्याला हा आखूड घाट फार मानवतो. दीड मिनिटात आरंभ, चढ आणि शिखर असलेली सबंध रचना बोटांखाली येते, आणि कुठे काही अपुरे राहिल्याची चुटपुट लागत नाही.

गाणे निवडताना ते किती आवडते हा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. दुसरा प्रश्न डाव्या हाताचा. महाराष्ट्रात अनेक घरांत पेटी असते, आणि पेटीवर बोटे फिरलेली असली की पियानोची पांढरी-काळी मांडणी परकी वाटत नाही. पण पेटीत डावा हात भात्यावर असतो. तो हवा देत राहतो, म्हणून उजव्या हाताने धरलेला स्वर हवा तितका वेळ टिकतो. पियानोचा स्वर मात्र वाजताक्षणी विरू लागतो. संथ चालीत दोन स्वरांमध्ये जी पोकळी पडते, ती भरायचे काम डाव्या हाताला करावे लागते. गाणे सोपे की अवघड हे म्हणूनच चालीवरून कमी आणि डाव्या हाताला काय करावे लागते यावरून अधिक ठरते.

सर्वांत आधी येतात ती डाव्या हाताला एकेक लांब स्वर पुरणारी गाणी. ‘तोनारी नो तोतोरो’ या १९८८ च्या चित्रपटातले ‘सान्पो’ हे चालण्याचे गाणे त्यांतले अग्रणी. शब्द ‘गुरी आणि गुरा’ या उंदरांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बालसाहित्यिका रिएको नाकागावा यांचे, चाल जो हिसाइशी यांची. चार मात्रांची ठाम पावले आणि तोंडात सहज बसणारी चाल, यामुळे जपानी बालवाड्यांत ते घराघरातल्या गाण्याइतके रुळले आहे. सोप्या प्रतीत ‘सा’ पांढरी एकला धरला की काळ्या पट्टीला हात लावायची वेळ क्वचितच येते. डोरेमॉनचे १९७९ चे मूळ शीर्षकगीत शुन्सुके किकुची यांचे. तेही याच पायरीवरचे. महाराष्ट्रातल्या मुलांच्या कानात मात्र डोरेमॉनचे वेगळे गाणे आहे. कात्सुहिको कुरोसू यांनी २००७ साली केलेली नवी चाल हिंदी शब्दांतून इथे पोचली, आणि ती इतकी पाठ आहे की कागदावरच्या सुरावटीकडे न पाहताही बोटे पुढचा स्वर शोधतात. याच्या उलट गंमत ‘मोगली’ची. ती मालिका जपानी, १९८९ ची. पण दूरदर्शनवर तिच्यासोबत जे गाणे गाजले ते गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे, अस्सल इथले.

याच पायरीवर एकट्या उजव्या हाताने वाजवायची एक सुंदर चाल आहे. ‘लापुता’ या १९८६ च्या चित्रपटात पाझू हा मुलगा पहाटे छपरावर उभा राहून कबुतरांसाठी तुतारी वाजवतो. ती चाल हिसाइशी यांचीच. एकाच वाद्यासाठी बांधलेली असल्याने तिला साथीची उणीव भासत नाही. पुढे पियानोवादकाचीच कथा सांगणाऱ्या ‘शिगात्सु वा किमी नो उसो’ या २०१४ च्या मालिकेत नायिका पहिल्यांदा भेटते तेव्हा लहान मुलांच्या घोळक्यात तीच चाल वाजवत असते. शोपाँ आणि बेथोव्हेन यांनी भरलेल्या त्या मालिकेचे दार इतक्या साध्या सुरावटीने उघडते, ही निवड फार समजूतदार आहे.

जपानी बालगीतांत मेइजी काळापासून एक पाच स्वरांचे सप्तक रुजले आहे. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. उरतात सा, रे, ग, प, ध. मराठी कानाला हा भूप. पियानोवर तो सापडायला अगदी सोपा: काळी तीनला सा धरावा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर चालत राहावे. या पाच स्वरांत कुठलाही स्वर दुसऱ्याशी फारसा भांडत नाही. म्हणून ऐकलेल्या चालीचा तुकडा चुकतमाकत शोधताना पहिल्या दिवसापासूनच काही तरी गोड कानावर पडते. अ‍ॅनिमेची सगळी गाणी या सप्तकात नसतात, बरीच पुष्कळ पुढे गेलेली आहेत. पण बोटे आणि कान यांची ओळख करून द्यायला याहून बरी जागा नाही.

दुसऱ्या पायरीवर डावा हात कॉर्डचे स्वर एकदम न दाबता एकामागून एक सोडतो. इथे ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’ या २००१ च्या चित्रपटाचे अखेरचे गाणे ‘इत्सुमो नान्दो देमो’ याला तोड नाही. चित्रपटाचे पार्श्वसंगीत हिसाइशी यांचे असले तरी हे गाणे युमी किमुरा यांचे आहे. शब्द वाकाको काकू यांचे. हायाओ मियाझाकी यांच्या एका न झालेल्या चित्रपटासाठी ते आकाराला आले होते, आणि नंतर या चित्रपटात त्याला घर मिळाले. किमुरा ते लायर या छोट्या तंतुवाद्यावर स्वतःच साथ करत गातात. गाण्याच्या सोपेपणाचे मूळ इथेच आहे. लायरच्या तारा एकेक छेडायच्या आणि घुमू द्यायच्या असतात. पियानोवरही डाव्या हाताला तेवढेच करायचे. मूळ स्वर पांढरी चार, आणि त्या सप्तकातली एकुलती काळी पट्टी म्हणजे काळी पाच, अर्थात शुद्ध मध्यम. मात्रा तीन. डाव्या हाताने खालचा सा, मग प, मग वरचा सा, अशी एका मात्रेला एक तार छेडत गेले की आवर्तन पुरे होते. हात लहान असेल तर सा-ग-प घ्यावे. गाण्याचे काही बिघडत नाही. चाल सुरुवातीला शेजारच्या स्वरांवरून वर जाते, उडी घेते आणि हळूहळू उतरते. उजव्या पेडलचा पहिला धडाही इथेच घ्यावा: कॉर्ड बदलली की पेडल उचलून पुन्हा दाबायचे, नाही तर मागचे स्वर पुढच्यांत मिसळून सगळे गढूळ होते.

तीन मात्रांचे दुसरे गाणे अधिक मागणारे आहे. ‘हाउल’च्या चित्रपटातला, २००४ सालचा, ‘जिन्सेइ नो मेरी-गो-राउंड’ हा वॉल्ट्झ. सबंध चित्रपटभर एकच चाल वेगवेगळ्या रूपांत फिरावी असा मियाझाकी यांचा आग्रह होता, आणि हिसाइशी यांनी ती जबाबदारी या एका चालीवर टाकली. सा पांढरी पाचला. गंधार आणि धैवत कोमल, म्हणजे काळी पाच आणि काळी दोन. डावा हात पहिल्या मात्रेला खालचा एक स्वर घेतो आणि उरलेल्या दोन मात्रांना वर उडी मारून कॉर्ड वाजवतो. ही उडी नवशिक्याला छळते. पट्ट्यांकडे न पाहता हाताला अंतर कळेपर्यंत उजवा हात मांडीवरच ठेवलेला बरा. दादऱ्याचा ठेका अंगात असलेल्याला पहिल्या मात्रेचे वजन आपोआप सापडते.

दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांकडे वळले की चार कॉर्डची एक साखळी वारंवार भेटते. जपानी संगीतकार तिला राजमार्ग म्हणतात. सा पांढरी एकला धरला तर ती अशी: म-ध-सा, प-नी-रे, ग-प-नी, ध-सा-ग. एकही काळी पट्टी नाही. तिची गोडी अशी की ती घरापासून दूर सुरू होते आणि ‘सा’च्या कॉर्डवर येऊन विसावत नाही, म्हणून साबीत सतत काही तरी हवेसे राहते. ही साखळी डाव्या हाताच्या सवयीची झाली की अनेक साबींना साथ आयती मिळते.

याच टप्प्यावर ‘नारुतो’मधली तोशिओ मासुदा यांची ‘सॅडनेस अँड सॉरो’ ही उदास, संथ धून येते. तिला घाई मुळीच चालत नाही. जुन माएदा यांचे ‘दांगो दाइकाझोकु’ हे ‘क्लॅनाड’मधले गाणे तिच्या अगदी उलट, हसरे आणि पुनरावृत्तीने भरलेले. ‘किमी नो ना वा’ या २०१६ च्या चित्रपटातल्या, रॅडविम्प्स या बँडच्या ‘स्पार्कल’ची सुरुवातीची पियानोची छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजते, त्यामुळे एकदा बसली की लांबवर पुरते.

जपानमध्ये सुरांच्या पुस्तकांवर काठिण्य लिहिलेले असते, आणि सोप्या पुस्तकांवर पुष्कळदा ‘बायरसोबत’ असा शेरा दिसतो. फर्डिनांड बायर या जर्मन संगीतकाराने १८५१ मध्ये काढलेले नवशिक्यांचे पुस्तक ल्यूथर व्हायटिंग मेसन या अमेरिकन शिक्षकाने १८८० साली जपानला नेले, आणि त्यातले १०६ धडे तिथल्या पिढ्यांनी गिरवले. त्या धड्यांना जोडून आवडीची गाणी द्यायची, ही पद्धत खरोखर चांगली आहे. बोटांची शिस्त धड्यांतून येते. पट्ट्यांपाशी परत बसण्याची ओढ गाण्यांतून.

काही गाणी लांबणीवरच टाकावीत. ‘टोकियो घूल’चे ‘अनरॅव्हल’ आणि ‘किमेत्सु नो याइबा’चे ‘गुरेंगे’ ही बहुतेकांना पहिल्याच दिवशी हवी असतात. दोन्हींचा वेग आणि गर्दी गिटार-ड्रमच्या ताफ्यासाठी आहे, आणि त्यांच्या पियानोवरच्या गाजलेल्या मांडण्या वर्षानुवर्षे रियाज केलेल्या हातांच्या आहेत. तोवर साबीची चाल उजव्या हाताने, निम्म्या वेगात आणि डाव्या हाताच्या एकेका खालच्या स्वरासह वाजवता येते. ‘इव्हँगेलियन’च्या १९९५ च्या शीर्षकगीताची संथ पहिली ओळही ड्रम सुरू होण्याआधी नवशिक्याच्या आवाक्यात असते, तिथपर्यंत वाजवून थांबायला काहीच हरकत नाही.