चौकातलं शिल्प आणि वालूरची बारव

परभणी

चि. राणीस,

तुझा आराखडा मिळाला. लाव्ह्याच्या लाटा दाखवणारं लोखंडी शिल्प, तेही भर चौकात, दिव्यांसकट! कल्पना दांडगी आहे, पण जागा चुकतेय. चौकातलं शिल्प माणूस गाडीवरून बघतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. सेलू तालुक्यातलं वालूर आधी बघून ये. तिथल्या गोल बारवेच्या पायऱ्या गरगरत, चक्राकार खाली जातात. गाळानं बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी खपून मोकळी केली.

लाव्ह्याचे थर कसे लागतात ते आपल्याकडे विहीर खणणाऱ्याला विचार. वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. ही काळी मातीही त्याच पाषाणाची झीज. मध्येच तांबडा पट्टा लागतो. लाव्ह्याचा एक लोट निवला, त्याच्यावर माती धरली आणि पुढच्या लोटानं ती भाजून काढली, त्याची ती खूण. मांजऱ्याचं ढेकूळ हातात घेतलंस तर पांढरे ठिपके दिसतील. उकळत्या रसातल्या वायूचे ते बुडबुडे. पुढे झिरपत्या पाण्यानं आणलेल्या क्षारांनी भरले. चारठाणा गावच्या यादवकालीन देवळांचं कोरीवकामही याच काळ्या दगडातलं आहे.

आता काळाचं गणित. बारवेची एक पायरी १ लाख वर्षांची धर. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ६६० पायऱ्या खाली. लोणारला उल्का आदळली ती अलीकडच्या मोजणीप्रमाणे साधारण पावणेसहा लाख वर्षांपूर्वी. सहावी पायरी संपायच्या आतच. आणि चारठाण्याची देवळं? पहिल्या पायरीचा शंभरावा हिस्साही त्यांना पुरून उरतो. हे आकडे कागदावर वाचून कळत नाहीत. गुडघे दुखेपर्यंत उतरल्यावर थोडे कळतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तुझं काम बारवेच्या वाटेवर असू दे. जुन्या पायऱ्यांना छिन्नी लावू नकोस. बाहेर, काठापासून हातभर दूर, बसायला एक लांब ओटा कर. त्यात काळी, मुरूम, मांजऱ्या, तांबडा पट्टा, पाषाण हे थर ओळीनं दिसू देत. दगड इथलेच घे. गुळगुळीत परक्या ग्रॅनाइटची हौस नको. आणि काही ठरवण्याआधी गावकऱ्यांना विचार. बारव त्यांनी उपसली आहे, ओट्यावर बसणारही तेच.

उन्हाळ्यात ये. पाणी उतरतं तेव्हाच खालच्या पायऱ्या दिसतात. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा