वाटूरच्या तांब्यावरील पशू

जुन्या पात्रावर कोरलेल्या पशूंचा अर्थ लावताना प्रत्येक पशू सुटा पाहून भागत नाही, त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला कोण उभे आहे याची रुजुवात आधी घ्यावी लागते, हे मी ग्रंथांतून वाचले होते. परंतु त्याची पुरती खातरजमा झाली ती वाटूर येथील एका घरी.

वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात आणि पुढे १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या या मुलखातील जुन्या घरांत वडिलोपार्जित पितळी भांडी अद्यापि वापरात आढळतात. त्या घरच्या आजींनी सासऱ्यांच्या पाण्याचा म्हणून जपलेला तांब्या माझ्यापुढे ठेवला. एका भांडेवाल्याने त्यावर राजाच्या शिकारीचा देखावा असल्याचे सांगून मोडीच्या भावाहून थोडी अधिक किंमत देऊ केली होती, आणि घरातील तरुण मंडळींचे मन विकण्याकडे झुकले होते.

तांब्याच्या खांद्याखाली दहा महिरपींचा पट्टा होता व प्रत्येक महिरपीत एकेक आकृती. त्यांपैकी खोगीर घातलेला घोडा, मासा, कासव आणि रानडुक्कर हे चौघे ओळीने स्पष्ट दिसत. त्यांच्या पुढच्या महिरपीत आयाळीच्या काही रेघा उरल्या होत्या. बाकीच्या पाच मानवाकृती मात्र जवळजवळ गुळगुळीत झाल्या होत्या. त्याच अंगाला एक पोचा होता. उचलणाऱ्याचा अंगठा नेमका त्यात बसे, पंजा त्या बाजूवरून फिरे, आणि त्यावर रोजची चिंच व राख. त्यामुळे माणसे पुसली गेली आणि पशू तेवढे राहिले.

शिकारीच्या देखाव्यात पशू धावतात, माना मागे वळवतात, घोड्यावर स्वार असतो. येथे तर प्रत्येक जण आपल्या महिरपीत स्वस्थ उभा, आणि घोड्याची पाठ रिकामी. मिरवणूक म्हणावी, तर १८५७ साली हिमालयातील लाहौल भागात सापडलेल्या व आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या प्राचीन लोट्यावर हत्ती, घोडेस्वार आणि चार घोड्यांचा रथ एकामागून एक चालताना दिसतात. तसा गतीचा भास येथे लवमात्र नव्हता. मासा, कासव आणि वराह या क्रमाने जिथे शेजारी उभे राहतात, तिथे मत्स्य, कूर्म, वराह यांखेरीज अन्य अर्थ संभवत नाही. आयाळ नरसिंहाची, आणि स्वाराविना घोडा कल्कीचा.

"मग घोडा माशाच्या आधी कसा हो, भाऊ?" आजींनी विचारले.

"तो आधी नाही, आजी, शेवटी आहे. तांब्या गोल, म्हणून दहावा पहिल्याच्या शेजारी आला."

कल्कीच्या अलीकडची महिरप मी दाराच्या तिरप्या उजेडात धरली, तेव्हा चेहरा व वस्त्र नाहीसे झालेल्या त्या आकृतीच्या दोन्ही बाजूंना, कोपर आणि कंबर यांच्यामध्ये, दोन लहान त्रिकोण शिल्लक असलेले दिसले. कटीवर हात ठेवलेला विठ्ठल! महाराष्ट्रात जुन्या पंचांगांच्या चित्रांत व काही मंदिरांच्या शिल्पांत बुद्धाच्या जागी नववा अवतार म्हणून विठ्ठल दाखविण्याची चाल आहे. तेव्हा हे पात्र मराठी भक्तीच्या मुलखातच घडले असावे, असे माझे मत झाले. आजींनी काही न बोलता तांब्या माझ्या हातून घेतला आणि कपाळाला लावला. तो विकला गेला नाही.

वाचकांस माझी आग्रहाची विनंती आहे, की घरातील जुने पात्र मोडीत घालण्यापूर्वी ते तिरप्या उजेडात पूर्ण फिरवून पाहावे, झिजलेल्या बाजूचे छायाचित्र आधी घ्यावे, आणि कोरीव काम दिसताच चिंच-राख बंद करून ते मऊ, कोरड्या फडक्याने पुसावे.