नीरक्षीर

नागपुरास समुद्र नाहीं. आम्हां धरमपेठेंतल्या माणसांची पाण्याची हौस अंबाझरीच्या तलावावर भागते. गेल्या फाल्गुनांत मात्र चिरंजीवांकडे ठाण्यास गेलों असतां सूनबाई व नात मला ऐरोलीच्या वनखात्याच्या केंद्रावर घेऊन गेल्या. ठाणे खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग २०१५ सालीं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित झाला; २०२२ सालीं पाणथळ जागांच्या जागतिक रामसर-यादींतही त्याचें नांव आलें. भरती-ओहोटीचें गणित पाहून केंद्रावरून नाव सुटते.

बाजूस तिवरांची दाट झाडी, तिच्या पलीकडे उंच इमारती. पाण्याला दर्प येत होता. (आमच्या नागनदीला तरी कोठें निराळा येतो!) एका वळणाशीं चिखलावर गुलाबी पट्टा दिसला. जवळ जाऊन पाहतों तों शेंकडों पक्षी, आणि बहुतेकांचें डोकें पाण्यांत, चोंच उलटी. वाटाड्यानें सांगितलें, ह्यांची जीभ पाणी आंत ओढते व बाहेर टाकते. चोंचीच्या कडांना बारीक चाळणी असते, तींत सूक्ष्म शेवाळ अडकतें. शहराच्या सांडपाण्यावर तें पोसतें, आणि त्यांतल्याच रंगद्रव्यानें ह्यांचीं पिसें गुलाबी होतात.

माझ्या काळजांत चर्र झालें. तीसेक वर्षांपूर्वीं मी वर्गांत हंसाच्या नीरक्षीरविवेकाचें सुभाषित शिकवीत होतों. मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हें कोणी पाहिलें आहे काय?" वर्ग हंसला. मीं त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. वास्तविक उत्तर अवघड नव्हतें. हा कविसमय आहे, कवींनीं मानलेला संकेत आहे, एवढें सांगितलें असतें तरी भागलें असतें. पण मास्तर अडला असें मुलांना वाटूं नये, ही धास्ती शिकविण्याहून मोठी ठरली. पुढल्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. त्याचें आडनांव मला आठवतें. नांव कांहीं केल्या आठवत नाहीं.

"आजोबा, हें घाण पाणी तोंडांत घेऊन हे आजारी नाहीं पडत?" नातीनें विचारलें.

"मला ठाऊक नाहीं, बाळ. त्या काकांना विचार."

ती वाटाड्याला विचारावयास नावेच्या टोकाशीं गेली. मीही हळूच उठून तिच्या मागोमाग गेलों.