बेल दिसावी म्हणून

माझे बाबा तळवली गावठाणातले. उमेदीची वर्षं त्यांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काढली. निवृत्त झाल्यावर हळूहळू आमच्या लक्षात येत गेलं की रस्त्यावरून जाणारा ट्रक त्यांना कळतो, दाराची बेल मात्र कळत नाही. यंत्रांच्या सततच्या आवाजाने कान जातात तेव्हा सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक, उंच आवाजांपासून होते. आमच्या इलेक्ट्रॉनिक बेलची किणकिण नेमकी त्याच टापूतली होती.

श्रवणयंत्र आहे, पण आंघोळीला जाताना, दुपारी आडवं होताना ते काढावंच लागतं. आम्ही कामावर आणि आई बाजारात असली की सिलिंडरवाला बेल वाजवून निघून जायचा, पोस्टमन शेजारी निरोप ठेवायचा. बाबांना त्याचं फार वाईट वाटे. स्वतःच्या घराचं दार शेजाऱ्यांच्या भरवशावर, हे त्यांना सोसत नव्हतं.

वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ साली स्थापन झालेली. घणसोलीहून वाशी, वडाळा अशा गाड्या बदलत आम्ही तिथे तपासणीला जायचो. बाकावर बसलेल्या एका कर्णबधिर जोडप्याने बाबांना खाणाखुणांनी आणि कागदावर लिहून सांगितलं की त्यांच्या घरी बेल दाबली की दिवा लुकलुकतो. परतताना बाबांनी गाडीतच ठरवलं, आपल्याकडेही असाच दिवा बसवायचा.

तेव्हा मला हे तासाभराचं काम वाटलं. गावातल्या ओळखीच्या वायरमनकाकांना बोलावलं. ते म्हणाले, ‘बेलच्याच वायरीवर एक होल्डर जोडू. बटण दाबलं की बेलही वाजेल, बल्बही लागेल.’ पण लगेच त्यांनीच विचारलं, ‘बल्ब कोणता लावायचा ते आधी ठरवा. सारखा चालू-बंद होणारा दिवा आहे हा.’ तोवर बल्ब म्हणजे फक्त उजेड आणि विजेचं बिल एवढाच हिशेब मी करत आले होते. काकांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक चालू-बंद करणारं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि पिनचा होल्डर मांडला, आणि एकेक बल्ब लावून दाखवला.

पहिला साधा पिवळा बल्ब. त्याच्यात तार तापते आणि उजेड पडतो, मध्ये दुसरं काही नाही. त्यामुळे लुकलुकणं त्याला जमतं, आणि तार सावकाश विझत असल्याने डोळ्यांनाही ते बोचत नाही. पण थंड तारेचा विद्युतरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, म्हणून प्रत्येक वेळी लागताना क्षणभर नेहमीच्या दसपट किंवा जास्त प्रवाह तिच्यातून जातो. अशा धक्क्यांनी तार लवकर तुटते. शिवाय ६० वॅटच्या बल्बची काच हात पोळेल इतकी तापते. पडदा, देव्हाऱ्यावरचं कापड किंवा कागदी तोरण तिच्याजवळ असणं धोक्याचं. वापरायचाच तर २५ किंवा ४० वॅटचा, उघड्या जागी, होल्डरवर लिहिलेल्या वॅटच्या आत राहून वापरावा.

दुसरा माळ्यावर पडलेला सीएफएल. काकांनी तो होल्डरला लावलाच नाही, नुसता हातात धरून समजावलं. त्याच्या बुडाशी इलेक्ट्रॉनिक चोक असतो. दर वेळी पेटताना नळीच्या टोकांची झीज होते, आणि पूर्ण उजेड यायला वेळ लागतो, तोवर पाहुणा जिना उतरून गेलेला असतो. इलेक्ट्रॉनिक टायमर किंवा डिमरवर लावला तर चोक तापून जळू शकतो. बऱ्याच खोक्यांवर तशी मनाई बारीक अक्षरांत छापलेली असते. फुटला तर आत पारा. लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी सीएफएल कधीच नको, हे तिथेच पक्कं झालं.

तिसरा एलईडी. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर हे बल्ब घरोघर पोचले, आमच्याही सगळ्या खोल्यांत तेच आहेत. वीज कमी खातात, फारसे तापत नाहीत, म्हणून मला हेच सर्वांत सुरक्षित वाटत होते. पण घरगुती एलईडी बल्बच्या पोटात ड्रायव्हर असतो, म्हणजे २३० व्होल्टची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं सर्किट. टेबलावर तो बल्ब बंद असतानाही मंद मिणमिणत राहिला. इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपतो आणि तेवढ्यावर ड्रायव्हर जागा होतो. बेलच्या बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातूनही असं होऊ शकतं. ऐकू येणाऱ्या माणसाला त्या मिणमिणण्याचं काही वाटणार नाही. बाबा मात्र दर वेळी उठून रिकाम्या दारापाशी गेले असते, आणि काही दिवसांनी त्यांचा त्या दिव्यावरचा विश्वासच उडाला असता. खोटा इशारा देणारा दिवा असण्यापेक्षा नसलेला बरा.

न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीने तिकडचं तयार उपकरण पाठवायची तयारी दाखवली. आम्ही तिच्याकडून आधी त्याच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो मागवला. त्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं होतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, शिवाय तिकडचे होल्डर आट्यांचे आणि आपले पिनचे. परदेशातून असं काही मागवणाऱ्यांनी ही पट्टी आधी वाचावी. तिथे आपला व्होल्टेज नसेल तर ते उपकरण आपल्या प्लगात घालू नये.

दिवा किती वेगाने लुकलुकावा, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा निघाला. आमच्या घरी कुणाला आकडीचा त्रास नाही, पण गणपतीत घर लेकरांनी भरतं. काही जणांना, विशेषतः मुलांना आणि किशोरांना, वेगाने उघडझाप होणाऱ्या उजेडाने आकडी येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला, आणि साडेसहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप नको, असा दंडक वेबसाइटसारख्या पडद्यावरच्या मजकुरासाठी पाळला जातो. अमेरिकेत आगीच्या इशाऱ्याच्या दिव्यांना सेकंदाला एक ते दोन वेळा ही मर्यादा आहे. गडद लाल रंग या बाबतीत जास्त त्रासाचा. म्हणून आम्ही पिवळसर पांढरा उजेड आणि सेकंदाला एकदाच उघडझाप हे ठरवलं. बाबांना खुर्चीत बसवून, त्यांनी ‘हे बरं आहे’ म्हणेपर्यंत काकांनी वेग कमी-जास्त करून पाहिला.

शेवटी घरचा कुठलाच बल्ब आम्ही वापरला नाही. दाराबाहेर सेलवर चालणारं वायरलेस बटण लावलं. पावसाळ्यात जिन्यावरच्या भिंती पाझरतात, तिथे २३० व्होल्टचं बटण नकोच होतं. आत १२ व्होल्टचे एलईडी दिवे आहेत, ज्यांच्या पोटात ड्रायव्हर नाही. ते रिलेवर, म्हणजे जोडणी खरोखर तोडणाऱ्या स्विचवर, चालतात, त्यामुळे बंद म्हणजे पूर्ण बंद. बटण क्षणभर दाबलं तरी दिवा पंधरा सेकंद लुकलुकतो. तो तापत नाही, हात लागला तर झटका नाही, आणि लाइट गेली तरी छोट्या बॅटरीवर चालतो. एक दिवा दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात, एक बाबांच्या पलंगासमोर. या जागा बाबांनीच दाखवल्या. ते कुठे बसतात आणि कुणीकडे तोंड करून बसतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रात्रीसाठी मात्र दिव्यावर विसंबू नये. मिटलेल्या पापण्यांना, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माणसाला उजेड जागं करेलच असं नाही. त्यासाठी उशीखाली थरथरणारी चकती ठेवली आहे, तीही त्याच बटणाला जोडलेली.

आता घरी कुणी नसताना बाबा स्वतः दार उघडतात, सिलिंडर घेतात, माणसाला पाणी विचारतात. या सगळ्याला फार पैसे लागले नाहीत, चौकशी मात्र भरपूर लागली.

तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येत असेल आणि असा दिवा लावायचा असेल, तर एवढं नक्की करा. उपकरणाच्या पत्रकात कोणता बल्ब चालेल ते वाचा आणि तोच लावा. सीएफएल टाळा. साधा एलईडी लावायचा तर तो बंद असताना अंधारात पूर्ण विझतो का, ते पाहा. बल्बवर भारतीय मानक ब्युरोची खूण तपासा. उघडझाप सावकाश ठेवा, आणि घरात कुणाला आकडीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. आणि ज्याच्यासाठी दिवा लावायचा आहे, त्या माणसाला विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका.